शिवू नये

डॉक्टर होटगीकर जिना चढायला लागले, की खालच्या पायरीवरूनच ओरडायचे, "बी.एस्सी., काय उगवलं?"

बी.एस्सी. म्हणजे मी. माझं खरं नाव शालन. पण सोलापूरच्या त्या मोठ्या दवाखान्यात मी प्रयोगशाळेत लागले आणि पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझं दुसरं बारसं केलं. मला ते नाव फार आवडायचं, आणि हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही. वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे ओझी उचलणारे मजूर. आमच्या अख्ख्या गोतात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. इतरांची पदवी नावाच्या मागं लागते. माझी पदवी हेच माझं नाव झालं होतं. आणि तेही एका सर्जननं, जिन्यावरून, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात घेतलेलं!

पेशंटच्या जखमेतला पू कापसाच्या काडीवर माझ्याकडं यायचा. तो मी काचेच्या ताटलीत पेरायची, ताटली उबेत ठेवायची. मग त्यावर जंतूंचे ठिपके उगवले, की त्यांची जात ओळखून, ते कुठल्या औषधाला मरतात ते लिहून द्यायचं, हे माझं काम. बाकीचे डॉक्टर तो कागद शिपायाकरवी मागवून घेत. होटगीकर स्वतः यायचे. ताटली खिडकीच्या उजेडात धरायचे आणि बांधावर उभं राहून ज्वारी बघावी तसे बघत राहायचे.

"पीक जोरात आलंय," म्हणायचे. "आता खुरपायचं कशानं, ते सांगा."

माणूस ठेंगणा, रुंद, मान पैलवानाची. सदऱ्याच्या आत गळ्यात लिंगाची चांदीची डबी. घरी कानडी बोलायचे, दवाखान्यात मराठी, मागावरचा विणकर पेशंट आला की तेलुगू, आणि रागावले की तिन्ही एकदम. खिशात नेहमी पेन्सिलीचा तुकडा. त्या पेन्सिलीनं ते कुठंही हाड काढून दाखवायचे. एक्स-रेच्या पाकिटावर, उशीच्या अभ्र्यावर, पेशंटच्या प्लॅस्टरवर तर हमखास. त्यांच्या वॉर्डातला माणूस घरी जाताना पायावर चित्रांचं प्रदर्शन घेऊनच जायचा.

आणि एक डबी त्यांच्या दुसऱ्या खिशात असायची. तपकिरीची. पहिल्यांदा त्यांनी ती माझ्यापुढं उघडली तेव्हा मी "मी ओढत नाही" म्हणून मोकळी झाले. आत पांढराफेक, बोटभर लांबीचा, कडा कुरतडलेला तुकडा होता.

"हे काय असेल?"

"खडू?"

"हे मढं," डॉक्टर म्हणाले, आणि खूश होऊन डबी मिटली.

या 'मढं' शब्दावरच त्यांचा सगळा दवाखाना चालायचा, म्हणून तो नीट सांगते. मोडलेलं हाड कातडी फाडून बाहेर आलं, त्यात माती गेली, की हाडात पू होतो. हाड म्हणजे काही लाकूड नव्हे. त्यातून रक्त वाहतं, ते जिवंत असतं. पू झाला की एखाद्या तुकड्याचं रक्त तुटतं आणि तो तुकडा तिथल्या तिथं मरतो. आता औषध जातं रक्तातून. जिथं रक्तच पोचत नाही तिथं औषध कसं पोचणार? जंतू त्या मेलेल्या तुकड्यावर आरामात बसून राहतात. वर जखमेला एक भोक पडतं, ते महिनोन् महिने वाहतं. मध्येच त्याचं तोंड मिटतं, घरचे म्हणतात बरं झालं, आणि आठवड्याभरात ताप चढून पाय पुन्हा टम्म. असे पेशंट आमच्याकडं दोन-दोन, तीन-तीन वर्षं झिरपत असलेला पाय घेऊन यायचे. कुणी हळद भरलेली, कुणी चुना, कुणी आणखी काय काय. इंजेक्शनं तर एवढी झालेली असायची, की सुईला जागा नाही.

होटगीकरांच्या हाती लागलेला प्रत्येक पाय वाचला असं मी म्हणणार नाही. काही कापावे लागले. त्या दिवशी ते जिना गुपचूप चढायचे आणि खिडकीशी उभे राहून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायचे. मला विचारायचे, "खाणार का?" मी खायची.

बिरूची गोष्ट मात्र वेगळी. दुष्काळ नुकता सरला होता. बिरू सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, विशीतला उंच पोरगा. दुष्काळी कामावर खडी फोडताना दगडांचा ढीग त्याच्या पायावर आला आणि नडगीचं हाड बाहेर निघालं. गावाकडं कुणीतरी हाड आत ढकललं, अंड्याचा बलक लावला, कामट्या करकचून बांधल्या. तेव्हापासून वर्ष उलटलं तरी पाय वाहत होता. दुसऱ्या एका डॉक्टरनं सांगितलं होतं, गुडघ्याखाली कापा. म्हणून त्याची आई धुरपाबाई त्याला आमच्याकडं घेऊन आली होती. आल्या आल्या तिनं डॉक्टरांना बजावलं.

"हे बगा डाक्टर, पाय कापायचा आसंल तर आत्ताच सांगा. आमी आल्या वाटनं जातो. मेंढरामागं पायानं चालावं लागतं, डोक्यानं न्हाय."

मी काड्या घ्यायला वॉर्डात गेले होते, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

डॉक्टर तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. "आई, घरात मढं असताना चूल पेटवता का?"

"कोन पेटवंल? मढं हाललं की मंग चूल."

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि पेन्सिलीनं दाखवलं. "ह्या लेकाच्या पायात मढं पडलंय. तुम्ही वर्षभर दारात औषध शिंपडताय, आणि मढं आतच. ते बाहेर निघाल्याशिवाय चूल पेटत नाही. पाय कापायचा नाही. मढं काढायचं."

धुरपाबाईनं एक्स-रे नीट बघितला. मग तिनं बिरूच्या पाठीत एक धपाटा घातला. "आरं मुडद्या, वरीसभर मढं घिऊन हिंडतुयास व्हय!" आणि डॉक्टरांना म्हणाली, "मंग काडा की! येवढे डाक्टर झाले, आत मढं हाय म्हून कुनी बोललंच न्हाय मला."

"तरी खात्री देत नाही हां," डॉक्टर म्हणाले. "आतलं बाकीचं हाड किती जिवंत आहे, ते उघडल्यावर कळणार. अगदीच काही उरलं नसेल, तर पुन्हा कापण्याचा विषय निघेल."

"निगू द्या. आदी मढं तर हालू द्या."

तोवर मी जखमेच्या तोंडातून काडी घेतली होती. वर गेले, पेरली, रिपोर्ट लिहिला. डॉक्टर आले, वाचला आणि म्हणाले, "छान. हा दारात बसलेला. आता मी घरातला आणून देतो."

"म्हणजे?"

"बी.एस्सी., रस्त्यावरच्या घराच्या दारात कुणीही येऊन बसतो. त्याचं नाव विचारून आत कोण राहतो ते कसं कळणार?"

ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी बिरूच्या हाडाच्या आतला तुकडा निर्जंतुक बाटलीतून स्वतः वर आणून दिला. मी पेरला. आणि खरंच, दारातला वेगळा निघाला आणि घरातला वेगळा! दारातला मरत होता एका औषधानं. घरातल्यानं त्या औषधाकडं ढुंकूनही बघितलं नाही, त्याला दुसरंच लागलं. वर्षभर बिरूला जी इंजेक्शनं टोचली होती, ती सगळी दारातल्याला. मी ताटली घेऊन जिना उतरत धावले. आयुष्यात मी इतक्या आनंदानं पू घेऊन धावले नसेन.

ऑपरेशनला हजर असलेल्या सिस्टरनं सांगितलं, की डॉक्टर छिन्नीनं मेलेलं हाड खरवडत होते, खरवडत होते, पांढरं ते पांढरंच. आणि मग एका ठिकाणी हाडातून रक्ताचे बारीक बारीक थेंब फुटले, तिखट भुरभुरावं तसे. डॉक्टर ओरडले, "साकु! साकु!" कानडीत साकु म्हणजे पुरे. रक्त आलं म्हणजे हाड जिवंत, आता थांबायचं. त्यांच्या तोंडून 'साकु' ऐकलं की ऑपरेशन थिएटरातली सगळी माणसं श्वास सोडायची.

पण जखम त्यांनी शिवली नाही. कधीच शिवत नसत. प्लॅस्टर घालून जखमेवर खिडकी ठेवायची, आत स्वच्छ पट्टी भरायची, आणि तळातून मांस भरत वर येईपर्यंत थांबायचं. धुरपाबाईनं ती उघडी जखम बघितली आणि वॉर्डाच्या मधोमध उभी राहून विचारलं, "न्हाय, म्हंते मी, दोरा संपला व्हय दवाखान्यातला? माजी वाकळ बी येवढी उघडी ठिवत न्हाय मी!"

"दार लावलं आणि आत कोण राहिलं तर?" डॉक्टर म्हणाले.

धुरपाबाईला ते पटलं. पण तिचंच काय घेऊन बसलात, शिकाऊ डॉक्टरांनाही उघडी जखम बघवायची नाही. मागं एकानं रात्रपाळीला दया येऊन एका पेशंटला चार टाके घातले होते, आणि मग पाय पुन्हा फुगून सगळा खेळ पहिल्यापासून. म्हणून डॉक्टरांनी बिरूच्या प्लॅस्टरवर, खिडकीच्या अगदी वर, पेन्सिल गिरवून गिरवून ठळक अक्षरात लिहिलं: शिवू नये.

खाली सही. आणि ते राउंड संपवून निघून गेले.

धुरपाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला विचारलं, "दादा, काय लिवलंय म्हनायचं?"

त्यानं वाचलं, "शिवू नये."

"आस्सं," धुरपाबाई म्हणाली. "बराबर हाय की. मढं हाललं, आता सुतक."

पुढं काय झालं ते कळायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला. ती सकाळीच प्रयोगशाळेच्या दारात उभी. "बाई, माज्या लेकाचं हाड द्या. मातीला द्यायचंय."

मी डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, "तुमचं काम झालं असेल तर देऊन टाका. हाड तिचंच आहे, तिनंच घडवलंय." मी उरलेला तुकडा औषधात बुडवून, स्वच्छ करून, कापडात बांधून दिला. दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली तिनं खड्डा केला, तुकडा ठेवला, मूठभर माती टाकली. मलाही म्हणाली, "टाका की बाई, तुमच्या बी घरी एक रात हुतं ते." मी टाकली. काय करणार!

मग ती वॉर्डात जाऊन बिरूच्या खाटेशी फतकल मारून बसली आणि पहारा सुरू झाला. ड्रेसिंगची सिस्टर बिरूची पट्टी बदलून शेजारच्या खाटेकडं वळली, तर हिनं पदर धरला. "कुटं निगालीस? सुतकाला शिवलीस न्हवं? हात धू आदी. कोपरापत्तुर. मंग दुसऱ्याला शीव."

सिस्टर म्हणाली, "अहो, घाई आहे."

"सुतकाला कसली घाई? धा दिस हायेत."

वॉर्डबॉय बिरूची चादर बदलून निघाला, त्याला अडवलं. शिकाऊ डॉक्टर नुसता ताप बघून निघाला, त्यालाही. दुसरा एक शिकाऊ डॉक्टर हसून तसाच पुढं गेला, तर ती अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडली, "ह्यो बगा, सुतकाचं हात घिऊन तुमच्या खाटंला येतुया! शिवून घिऊ नगा रं कुनी!" आणि खरंच, पलीकडच्या पेशंटनं पाय आखडून घेतले. म्हणाला, "डॉक्टर, तेवढे हात धुऊन या हो." संध्याकाळपर्यंत वॉर्डातल्या बेसिनपाशी रांग लागली आणि साबण संपला.

सिस्टर तक्रार घेऊन डॉक्टरांकडं गेली. मी मुद्दाम खाली आले. वाटलं, आता तिन्ही भाषा ऐकायला मिळणार. डॉक्टर तरातरा आले ते थेट बिरूच्या खाटेशी, आणि प्लॅस्टरला हात लावणार तोच धुरपाबाई उठली.

"डाक्टर, कुनाला शिवून आलासा?"

"त्या कोपऱ्यातल्या पेशंटला."

"मंग हात?"

डॉक्टर आपल्या हातांकडं बघत राहिले. मग प्लॅस्टरवरच्या आपल्याच अक्षरांकडं. शिवू नये. त्यांनी ते एकदा मनात वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि त्यांची ती पैलवानी मान हसण्यानं गदगदायला लागली. डोळ्यांतून पाणी येईतो हसले. मग बाही वर सारून बेसिनशी गेले, कोपरापर्यंत हात धुतले, परत आले, आणि दोन्ही हात उलटेसुलटे करून तिला दाखवले.

"आता शिवू का, आई?"

"शिवा की. मी काय न्हाय म्हंते?"

त्यानंतर ते वर प्रयोगशाळेत आले आणि स्टुलावर बसले. "बी.एस्सी., हाडातला पू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर आपणच आपल्या हातानं नेतो. एका पेशंटला शिवलं की दुसऱ्याला शिवायच्या आधी हात धुवा, म्हणून किती वर्षं बोंबलतोय मी. पोस्टरं लावली. ओरडलो. कुणी ऐकलं नाही. या बाईनं एका दिवसात केलं. आता उद्यापासून माझ्या वॉर्डात सुतक. कायमचं."

मी ताटल्या उगाच इकडच्या तिकडं करायला लागले. त्यांनी विचारलं, "काय झालं?"

मला पोटात ठेवता येत नाही. मी म्हणाले, "सर, बाकी सगळं बरोबर आहे. पण 'शिवू नये' हे माझ्या वडिलांनी लहानपणी पाणवठ्यावर ऐकलेलं आहे. मला हा शब्द भिंतीवर नको."

डॉक्टरांनी खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला. मग म्हणाले, "मग असं करू. इथं माणूस कधीच बाटलेला नाही. बाटलेला फक्त हात. सगळ्यांचा. आणि पहिला माझा."

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या बेसिनवर पेन्सिलीनंच लिहिलेला कागद लागला: हात बाटलेले आहेत, धुवा. सुरुवात डॉक्टरांपासून. आणि वॉर्ड झाडणाऱ्या मावशींना त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की मी हात न धुता एका खाटेवरून दुसरीकडं गेलो, तर मला अडवायचं. मावशी लाजल्या. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी अडवलं! डॉक्टर मुकाट्यानं बेसिनकडं गेले.

ही हकीकत त्यांनी घरी सांगितली, तर त्यांच्या आई हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मला डॉक्टरांनीच सांगितलं. लिंगायतांच्यात सुतक पाळत नाहीत. आई म्हणाल्या, "आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सुतक नाही, आणि तू सरकारी वॉर्डात काढलंस!"

दहा दिवस झाले तरी धुरपाबाईनं सुतक सोडलं नाही. "डाक्टरनी अजून फिटलं म्हून सांगितलं न्हाय," म्हणायची. डॉक्टर रोज प्लॅस्टरच्या खिडकीतून आत बघायचे. पहिले काही दिवस जखमेत नुसताच फिकट, ओलसर खड्डा. ताप कधी असायचा, कधी नसायचा. कापण्याचा विषय कुणी काढत नव्हतं, पण तो तिथंच खाटेखाली बसलेला होता. धुरपाबाई बिरूशी मेंढरांचं बोलायची. कुठली व्याली, कुठली लंगडतेय. ही लंगडी मेंढी तिनं एकदा काढली, आणि मग चुकल्यासारखं करून दुसरंच बोलायला लागली.

आणि एका सकाळी मी काड्या घ्यायला गेले असताना डॉक्टरांनी मला हाक मारली. "बी.एस्सी., इकडं या. डाळिंब बघा."

खिडकीच्या तळाशी, हाडावर, लाल, रसरशीत, दाणेदार मांस भरत आलं होतं. फोडलेल्या डाळिंबासारखं. त्या दिवशी मी पेरलेल्या ताटलीवर काही म्हणजे काही उगवलं नाही. मी दोनदा बघितलं. जिन्यावरून आवाज आला, "बी.एस्सी., काय उगवलं?" आणि मी वरून ओरडले, "पड जमीन, सर! पड!"

डॉक्टरांनी खाली जाऊन धुरपाबाईला सांगितलं, "आई, सुतक फिटलं. चूल पेटवा."

ते त्यांनी म्हणायचं म्हणून म्हटलं असेल. पण तिनं ऐकलं. आवारात कडुलिंबापासून चार पावलांवर तीन दगड मांडून तिनं चूल पेटवली आणि गव्हाची खीर केली. डॉक्टर जमिनीवर मांडी घालून बसले, वॉर्डातले चालते पेशंट बसले, झाडणाऱ्या मावशी डॉक्टरांच्या शेजारी बसल्या, मी बसले. डॉक्टरांनी घास घेतला आणि म्हणाले, "मीठ किती आहे यात?" गुळाच्या खिरीत धुरपाबाईनं आनंदाच्या भरात दोनदा मीठ घातलं होतं. आम्ही खारट खीर खाल्ली. कुणी टाकली नाही.

बिरूला घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं, "हा आजार झोपतो. मेला असं मी म्हणत नाही. दुखलं, लाल झालं, ताप आला, तर हळद लावू नका, इकडं या." बिरू काही महिने येत राहिला, आधी कुबड्या घेऊन, मग काठी घेऊन, मग नुसता. मग यायचा थांबला.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आम्ही एका तपासणी शिबिरासाठी दवाखान्याच्या जीपनं सांगोल्याकडं चाललो होतो. पुढं डॉक्टर, मागं मी आणि सिस्टर. रस्त्यात मेंढरांचा कळप आडवा आला आणि जीप थांबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. डॉक्टरांनी त्याचा हात धरला.

"थांब. तो पाय माझा आहे."

मला तर ओळखीचं काहीच दिसत नव्हतं. कळपाच्या पलीकडून एक उंच माणूस पाठमोरा चालला होता, खांद्यावर घोंगडी, पाऊल टाकताना किंचित बाहेर पडणारा उजवा पाय. डॉक्टरांनी तोंड नाही, चाल ओळखली होती. ते जीपमधून उतरून मेंढरांत घुसले. ठेंगणा माणूस, कमरेपर्यंत लोकरीत बुडालेला. "बिरू! ए बिरू!"

बिरूनं वळून बघितलं, आणि तो धावत आला. धावत! डॉक्टरांपुढं आला, वाकायला गेला, आणि मध्येच थबकून हात मागं घेतले.

"थांबा डाक्टर. मेंढरं धरलीती. हात धुतो आदी."

खांद्यावरचा पाण्याचा भोपळा तो खाली काढायला लागला.

"आज नको," डॉक्टर म्हणाले. "आज शीव."

आणि बिरू वाकण्याआधीच तेच रस्त्याच्या मधोमध उकिडवे बसले, त्याचं धोतर वर सारलं, आणि नडगीवरच्या त्या खोलगट, कोरड्या, घट्ट व्रणावर बोट ठेवून, डोळे मिटून, वरपासून खालपर्यंत दाबत गेले. मागं गाड्या थांबत होत्या. मेंढरं दोघांच्या दोन बाजूंनी वाहत होती. ड्रायव्हर मला म्हणाला, "बाई, सांगा की सायबांना, खोळंबा झालाय."

मी सांगितलं नाही. डॉक्टरांचं बोट घोट्यापाशी पोचलं, आणि लोकरीच्या त्या गर्दीतून आवाज आला, "साकु!"